सगुणाबाईच्या चेहऱ्यावरचं तेज

ठाण्यातल्या बाळकुमला परशुरामच्या बंगल्याबाहेर रांग गेटपर्यंत गेली होती. आत त्याची आई सगुणाबाई उशीला टेकून बसली होती आणि लोक तिच्या पाया पडत होते. पित्ताशयाचा कर्करोग पोटभर पसरलेला. डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलेली बाई. तिचं अन्न तुटलं होतं. विठ्ठलवाडीहून आलेल्या एका महाराजांनी विभूतीच्या पुड्या दिल्या आणि ती उठून बसली, तांदळाची भाकरी नि बोंबलाचं कालवण मागून खाऊ लागली. गाल भरले. ते पाहून रांग लागली आणि पुड्या विकल्या जाऊ लागल्या.

महाराज सांगत, "हे तेज बघा. रोग जळतोय. जळताना धूर निघणारच. त्या धुराला तुम्ही वेदना म्हणता."

धूर कोंडू नये म्हणून वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या बंद. त्या परशुरामच्याच हातून गटारात टाकवल्या. भुकेमागोमाग वेदना परतली, आधीपेक्षा वाईट. सगुणाबाई गुरासारखी ओरडू लागली, तेव्हा महाराजांच्या माणसांनी अंगणातल्या भजनाचा आवाज वाढवला. मी समोरच्याच इमारतीत राहते. त्या भजनाखालचं ओरडणं मला ऐकू येत होतं, म्हणजे रांगेलाही येत असणार. रांग हलली नाही. मी पोलिसांना फोन केला. घरचं कुणी तक्रार करतंय का, असं त्यांनी मला विचारलं.

सगुणाबाईची मुलगी जागृती कल्याणला दिलेली. तिनं येऊन आईची दशा पाहिली आणि ठाण्यातल्याच डॉक्टर ब्रिजिटना घेऊन आली. या कॅथलिक सिस्टर, संन्यासिनी. बरे न होणारे रुग्ण शेवटपर्यंत सांभाळणं हेच त्यांचं काम. गळ्यातला क्रूस पाहताच महाराजांनी गर्दीला सांगून टाकलं, ही बाई धर्म बाटवायला आली आहे, आणि मॉर्फिन म्हणजे गोड विष. परशुराम दारात आडवा झाला.

सिस्टर म्हणाल्या, "दादा, जीव घेणं आमच्यात पाप आहे. मी तुमच्या आईला मारणार नाही. पण वेदना शमवणं पाप नाही. आणि मरण टळणार नसेल, तर देह छळून ते लांबवायची सक्तीही नाही. शेवटच्या श्वासापर्यंत माणूस माणूसच असतो. मला त्यांना विचारू द्या."

इतक्या दिवसांत सगुणाबाईला कुणी काही विचारलंच नव्हतं. सिस्टरांनी दारातूनच विचारलं, काय हवंय. ती म्हणाली, "बाय, जाम दुखतंय. मना निजाचं हाय."

परशुराम दारातून बाजूला झाला.

सिस्टरांनी आत जाऊन तिचा हात हातात घेतला आणि बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली. कधी मधुमेह नसलेल्या बाईची साखर भलतीच वाढली होती. त्यांनी विभूतीची पुडी मागवली आणि पेल्यातल्या पाण्यात सोडली. राख ढवळली, पाणी गाळलं. फडक्यावर राखेत पांढरा चुरा उरला, त्यात अर्धवट कुटलेल्या गोळीचा तुकडा, मधली रेघ शाबूत.

"हे स्टिरॉइड दिसतंय," त्या परशुरामला म्हणाल्या. "यानं भूक लागते, तरतरी येते, साखर चढते, चेहरा सुजतो. ते तेज नाही, सूज आहे. गाठ तशीच वाढते. हे औषध मीही देते, पण मोजून आणि सांगून."

महाराज म्हणाले, श्रद्धा कमी पडली. परशुरामनं अंगणात जाऊन स्पीकरची वायर उपटली. मग सगळ्या रांगेनं, कान असूनही न ऐकलेलं ते कण्हणं ऐकलं.

मॉर्फिन पुन्हा सुरू झालं. सगुणाबाई झोपली. पुढच्या आठवड्यात एका दुपारी गेली, जागृती तिचे केस विंचरत असताना. सिस्टरांनी कसलाच चमत्कार सांगितला नाही. त्यांचा देव मी मानत नाही. पण त्यांनी त्याच्या नावावर एकही पुडी विकली नाही.

प्रयोगशाळेत पुडीतलं औषध स्टिरॉइडच निघालं. जागृतीनं जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार केली आहे. महाराज पसार आहेत. उद्या दुसऱ्या अंगणात, दुसऱ्या नावानं बसतील.

तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं की तुमच्या माणसाची वेदना पवित्र आहे, ती होऊ द्या, तर हात जोडू नका. पुडीत काय आहे ते विचारा. आणि त्याच्याही आधी, ज्याला दुखतंय त्याला विचारा.