चौथं दार

भांडी धुण्याचं यंत्र ज्यात येतं ना, तसलं एक खोकं व्हर्लिन श्रोडरने सप्टेंबरातच गॅरेजमध्ये आणून ठेवलं होतं. लोकांच्या घरी फ्रिज नि शेगड्या पोचवणारा ट्रक चालवायचा तो. ऑक्टोबर लागला की महिनाअखेरच्या भुताखेतांच्या सणाला सोंगं करायला गल्लीतली पोरं त्याच्या मागे लागायची, "मिस्टर श्रोडर, एक खोकं द्या ना, रणगाडा करायचाय!" दरवर्षी तो हौसेने वाटायचा. पण या वर्षीचं सगळ्यात जाड, चारही कोपरे शाबूत असलेलं खोकं त्याच्या लेकीसाठी, ट्विलासाठी होतं. त्याला कुणी नुसता हात लावला तरी व्हर्लिन गुरकायचा.

आता, दुसऱ्या गावांत पोरांनी दारात उभं राहून 'खाऊ द्या नाहीतर खोडी काढू' एवढं म्हटलं की भागतं म्हणे. आमच्या डि मॉइनमध्ये असले लाड नाहीत. आमची पोरं ऑक्टोबरच्या तीस तारखेला संध्याकाळी सहा ते आठ सोंगं घेऊन हिंडतात, आणि प्रत्येक दारात आधी जोक सांगावा लागतो. शिळा असो, पाणचट असो, आजोबांच्या वेळचा असो, पण सांगायचा. मग पिशवी पुढे करायची. फुकट काही मिळत नाही, आणि ते बरंच आहे असं माझं मत आहे.

फक्त ट्विलाचं काय करायचं?

आठ वर्षांची ट्विला घरात बोलायला लागली की तिची आई ट्रूडी कानात कापूस घालते की काय, असं वाटावं. जेवताना बोलायची, आंघोळीला बोलायची, झोपेतसुद्धा बोलायची. आणि घराबाहेर पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. शाळेत तीन वर्षांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, हट्ट नाही हा, लाजही नाही, भीतीने घसाच मिटतो तिचा. दटावू नका, आमिष दाखवू नका, वाट बघा. व्हर्लिन वाट बघत होता.

मागच्या वर्षी तो तिला घेऊन निघाला तेव्हा फुटपाथवर उभा राहायचा आणि ती एकटी पायऱ्या चढून जायची. दार उघडलं की लगेच, "अगं बाई, ट्विला का! राहू दे राहू दे, तुला जोकबिक नको," असं म्हणत लोक तिच्या पिशवीत मूठ रिकामी करायचे. व्हर्लिनला ते लोक देवमाणसं वाटले. एक सोडून. ती एक म्हणजे मिसेस आर्डिस ब्रुनिंग. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. तिच्या बसमध्ये च्युइंगम चघळायची कुणाची टाप नव्हती. तिने दार उघडलं, म्हणाली, "हं, सांग," आणि उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. कडाक्याची थंडी, दार सताड उघडं, आणि समोर त्याची एवढीशी पोर. शेवटी ट्विला तशीच रिकाम्या हाताने वळली. म्हातारीने एक गोळीसुद्धा दिली नाही. व्हर्लिनच्या डोक्यात तेव्हा जी तिडीक गेली ती वर्षभर उतरली नव्हती. दुकानात ती बाई दिसली तर तो मुद्दाम साबणांच्या रांगेत घुसायचा.

ट्विलाने त्या रात्री पिशवी गॅरेजमध्ये ठेवली ती उघडलीच नाही. वसंतात मुंग्या लागल्या तेव्हा ट्रूडीने ती फेकून दिली. का खाल्लं नाहीस, असं विचारल्यावर पोरगी एवढंच म्हणाली, "ते माझं नव्हतं."

आणि या सप्टेंबरात एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, यंदा मला खाऊ कमवायचाय. फुकटचा नको."

म्हणून ते खोकं.

बोलता येत नाही ना, मग सोंगालाच असं काही करायला लावू की लोक किंचाळले पाहिजेत, असा व्हर्लिनचा बेत होता. रोज संध्याकाळी कामावरून आला की बापलेक गॅरेजमध्ये शिरायचे. खोक्याला त्यांनी काळा रंग दिला, वरून राखाडी स्पंज थोपटून जुनाट लाकडासारखे डाग पाडले. ते झालं एका वेड्या डॉक्टरचं कपाट. खाली ट्विलाचे पाय, वर डोक्यावर बिजागरीचं झाकण, बघायला दोन फटी. समोर चार छोटी दारं, प्रत्येक दारामागे काळ्या मोज्याचा बोगदा, म्हणजे आतलं दिसायचं नाही, हात घालून चाचपायचं. पहिल्या दारावर लिहिलं 'डोळे'. आत सोललेली द्राक्षं. दुसऱ्यावर 'आतडी', तेल लावलेल्या गार शेवया. तिसऱ्यावर 'कान', सुकवलेले जर्दाळू. ट्विलाने एक कान चाखून बघितला आणि म्हणाली, "डॉक्टरांचं जेवण बरं आहे."

"आणि चौथ्यात काय घालायचं? यकृत?" व्हर्लिनने विचारलं.

"चौथ्यावर 'रिकामं' असं लिही."

"रिकामं? मग त्यात गंमत काय?"

"तू हात तर घाल."

त्याने हात घातला. खरंच काही नव्हतं. तो आणखी आत चाचपडला, आणि एकदम बर्फासारख्या गार, ओल्या बोटांनी त्याचं मनगट धरलं. बाप असा ओरडला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. खोक्यात ट्विला खिदळत होती. गोठवलेल्या मटारांच्या पिशवीत तिने दहा मिनिटं हात खुपसून ठेवला होता. ट्रूडी धावत आली, तिलाही हात घालायला लावला, आणि तिने हातातला डाव भिरकावला तो थेट व्हर्लिनच्या गुडघ्यावर.

"मेले बापलेक!" ट्रूडी म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तीस तारखेला सहा वाजता ते निघाले. खोक्यात मटारांची पिशवी होती, व्हर्लिनच्या खिशात जास्तीची द्राक्षं. आणि काय सांगू, गल्लीत नुसता धुमाकूळ! मिस्टर होल्म्बर्ग, सहा फूट उंच, अग्निशमन दलातला माणूस, चौथ्या दारात हात घालताच कुत्र्यासारखा केकाटला. त्याची बायको पायरीवर बसून हसली. लोक घरातल्या इतरांना बोलावून आणत होते, "ये, ये, तू पण हात घाल!" या वर्षी 'राहू दे' असं म्हणायला कुणाला सवडच मिळाली नाही. खोक्याला लटकवलेली पिशवी भरत होती, आणि फुटपाथवर उभ्या व्हर्लिनला आपण जगातले सगळ्यात हुशार सुतार आहोत असं वाटत होतं.

मिसेस ब्रुनिंगच्या घरापाशी आल्यावर त्याने खोक्याच्या पाठीवर हात ठेवून ते हळूच पुढे वळवलं.

खोकं जागेवरच थांबलं. "बाबा, एक घर राहिलं," आतून आवाज आला. आसपास कुणी नव्हतं म्हणून ती बोलू शकली.

"राहू दे ते घर."

"मला तिथेच जायचंय."

"ट्विला, त्या बाईने गेल्या वर्षी तुला कसं वागवलं, विसरलीस? काळीज नाही तिला. पाच मिनिटं तुला थंडीत उभं केलं."

"ती पण उभी होती," ट्विला म्हणाली. "ती एकटीच थांबली. बाकीचे थांबलेच नाहीत."

खोकं पायऱ्या चढायला लागलं होतं. या वेळी व्हर्लिन फुटपाथवर थांबला नाही, मागोमाग वर गेला. बाईने तोंड वाकडं केलं तर तिथल्या तिथे सुनवायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

मिसेस ब्रुनिंगने दार उघडलं. अंगात जाड स्वेटर, चष्मा कपाळावर. तिने पाट्या वाचल्या. शांतपणे एकेका दारात हात घातला. "द्राक्षं," म्हणाली. "शेवया. हे जर्दाळू." चौथ्यात हात घातला, बोटांनी तिचं मनगट पकडलं, आणि ही बाई दचकली म्हणून नाही! नुसती म्हणाली, "किती गार पडलाय हात. पेटी कुणी केली?"

"मी," व्हर्लिन छाती पुढे काढून म्हणाला. "म्हणजे आम्ही दोघांनी."

"छान केलीय. पण हा पेटीचा जोक झाला. हिचा कुठाय?"

झालं. व्हर्लिनच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "हे बघा बाई," त्याने सुरुवात केली, पण तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती खोक्याकडे बघत होती. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की तिचा हात अजून चौथ्या दारातच आहे. ट्विलाने तो सोडलाच नव्हता.

बाई तशीच वाकून उभी राहिली. सत्तरीची बाई, एक हात गुडघ्यावर टेकलेला. मागे पोरांची रांग लागली. एक चेटकीण, एक टोमॅटो, आणि अंगभर टॉयलेट पेपर गुंडाळलेली एक ममी, तिची अर्धी पट्टी सुटून वाऱ्यावर उडत होती. "चला ना!" ममी ओरडली. मिसेस ब्रुनिंगने मान वळवून नुसतं बघितलं. ममी गप्प.

असं उभं राहणं किती जड जातं, हे व्हर्लिनला तेव्हा कळलं. प्रत्येक क्षणाला वाटत होतं, पुरे, सोडवूया पोरीला, काहीतरी बोलून मोकळं करूया.

खोक्यात काहीतरी खरखरलं. मग आवाज आला. बारीक, कोरडा, तुटक.

"पलंगाखालच्या... भुताला... झोप का येत नाही?"

"का बरं?" मिसेस ब्रुनिंगने विचारलं.

खोक्यात पुन्हा खरखर झाली.

"त्याला... भीती वाटते. वरती पलंगावर माणूस झोपलाय."

टोमॅटो खुदकन हसला. ममी म्हणाली, "हा माझ्या भावाला पण सांगायला पाहिजे." मिसेस ब्रुनिंग हसली नाही, पण तिच्या सगळ्या सुरकुत्या एकदम हलल्या. पेटीतला हात सुटला. तिने परडीतलं सगळ्यात मोठं चॉकलेट काढून पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "हे तू कमावलंस. पुढच्या वर्षी नवीन जोक आण, हा आता मला माहीत झाला."

खोकं वळलं, खड्‌खड् पायऱ्या उतरलं आणि बापासाठी न थांबता सरळ पुढच्या घराकडे पळालं. चेटकीण, टोमॅटो नि ममी आपापले जोक घाईघाईत उरकून त्याच्या मागे पळाले. व्हर्लिन पायरीवरच उभा होता. डोळे पुसायला रुमाल काढायला गेला तर खिशात द्राक्षं चेंगरलेली.

"तुम्हाला जोक सांगायचाय का?" मिसेस ब्रुनिंगने विचारलं.

"नाही. म्हणजे..." त्याने चिकट बोटं पँटला पुसली. बाई कंबर चोळत थांबली. "मला तुमचे आभार मानायचेत. वर्षभर मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. दुकानात तुम्हाला टाळलं. गेल्या वर्षी तुम्ही तिच्यासाठी थांबलात, आणि मला वाटलं तुम्ही तिला छळताय. मला माफ करा. तुमचे फार उपकार झाले."

"साबणांच्या रांगेत लपायचात ते दिसायचं हो मला," ती म्हणाली. "गेल्या वर्षी आठवडाभर पडसं झालं होतं मला त्या उघड्या दारापायी. पण दार लावणार कसं? ती सांगत होती ना."

"सांगत होती? ती तर एक शब्द बोलली नाही."

"आवाज नव्हता, पण ओठ हलत होते की तिचे! पहिल्यापासून शेवटपर्यंत. अख्खा जोक सांगितला तिने मला. मला 'पलंग' एवढाच एक शब्द उमगला." ती कपाळावरचा चष्मा नाकावर घेत म्हणाली, "वर्षभर डोक्याला भुंगा, बाबा. पलंगाचं काय? काय झालं पलंगाचं? आज कळलं."



"मी खाली फुटपाथवर होतो," व्हर्लिन म्हणाला. "मला तिची पाठच दिसत होती."

"मग आता इथे काय करताय?" मिसेस ब्रुनिंग म्हणाली. "जा, पलीकडे जा. तिने झाकण उघडलंय बघा."

शेजारच्या दारात ट्विलाच्या पेटीचं झाकण खरंच वर झालं होतं. व्हर्लिन हिरवळ तुडवत पळाला, आणि जिथून तिचं तोंड दिसेल अशा जागी, दाराच्या अगदी बाजूला, जाऊन उभा राहिला.