दारावरची थमीन

विल्मट साहेबाला ब्रह्मदेशातलं सगळं चितारता येत होतं, फक्त ते जसं आहे तसं सोडून. मंडालेची टेकडी त्याने उचलून थेट नदीकाठी ठेवली होती. इरावतीचं पाणी बारा महिने जांभळं. प्रत्येक चित्रात सूर्य मावळतोय, जसा काही या मुलखात त्याला दुसरा उद्योगच नाही. आणि नर्तकी? सगळ्या दुपारी भात खाऊन पेंगायला आल्यासारख्या.

मा न्वे यीन हे बघायची आणि नाक मुरडायची. तरीही रोज येऊन त्याच्यासमोर उभी राहायची, कारण एके काळी मंडालेत तिच्यासारखा बाहुलीचा नाच कोणी नाचत नसे. मागे उभा राहून तिचा नाचातला जोडीदार को फो ल्विन नसलेल्या दोऱ्या ओढायचा आणि ती लाकडाच्या बाहुलीसारखी उठायची, कोसळायची, पापणीही न हलवता. आता तिची पन्नाशी उलटली होती, को फो ल्विनचा पाय अधू झाला होता आणि तो नाच कुठेच उरला नव्हता. निदान चित्रात तरी तो राहावा आणि को फो ल्विनने एकदा बघावा, एवढीच तिची हाव होती. त्यासाठी ती या गाढवासमोर गुडघे वाकवून उभी होती.

"जरा हसा ना," साहेब मोडक्यातोडक्या बर्मीत म्हणायचा.

"बाहुली कधी हसते का?"

"पण छान दिसेल."

"तुझ्या आजीला हसव जा," ती पुटपुटायची, आणि दारात उभी असलेली त्याची स्वयंपाकीण पोर, एई तिन, फिदीफिदी हसायची.

एक दिवस साहेबाने मा न्वे यीनकडून तिची नाचातली जुनी थमीन मागून घेतली, मागे लांब घोळ असलेली. रंग झकास म्हणून त्याने ती पडद्यासारखी चित्रशाळेच्या दारावर टांगली. एई तिनने कपाळावर हात मारला. बाईने कमरेला गुंडाळलेलं वस्त्र, आणि पुरुषाच्या डोक्यावर! धुतल्यावरसुद्धा ते परसात खालच्या दोरीवर वाळत घालायचं असतं. त्याखालून गेलेल्या पुरुषाचं तेज उतरतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"मावशी, सांगा ना त्याला!"

"कशाला? उतरायला आधी तेज असावं लागतं."

माळी खिडकीतून आत-बाहेर करू लागला. साहेब मात्र येता-जाता त्या थमिनीखालून जायचा. घोळ त्याच्या टकलाला घासला की मा न्वे यीनला त्या दिवशीचं जेवण गोड लागायचं.

पावसाळा सरला आणि दिव्यांच्या सणाच्या तोंडावर साहेबाने प्रदर्शन मांडलं. दुपारी गोरे पाहुणे आले, थमिनीखालून आत शिरले आणि आतून कौतुकाचे चीत्कार ऐकू येऊ लागले. मग काठी टेकत को फो ल्विन आला, डोक्याला नवं रेशमी मुंडासं. बरोबर जुन्या फडातले वादक. दारावर नजर जाताच सगळे अंगणातच थबकले.

"हे शहाणपण कोणाचं?" को फो ल्विनने विचारलं.

"साहेबाचं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मजा वाटली."

"तुझी मजा होते आणि आम्ही उन्हात मरतो. काढ ते, मा न्वे. मला तुला बघायचंय."

"काढते. आधी मी बघून येते." तिचं चित्र साहेबाने अजून तिलाही दाखवलं नव्हतं.

आत भिंतीवर तिचे हात होते. मागे वळलेलं कोपर तिचं, वाकलेले गुडघे तिचे. गळ्याच्या वर मात्र एई तिन. गाल गुलाबी, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर हसू. मागे तीच टेकडी आणि तोच मेला सूर्य.

"आवडलं?" साहेब खुशीत होता. "चेहरा जरा तरुण केला. लोकांना बरं वाटतं."

आजवर त्याचा मूर्खपणा तिने हसण्यावारी नेला होता. हे नेता येईना. तिला रडू फुटत होतं, पण याच्यासमोर रडायचं नाही म्हणून तिने ते गिळलं.

"ते बाहेरचे आत का येत नाहीत? लाजतात का?" साहेबाने विचारलं.

"फार लाजाळू आहेत बिचारे," ती म्हणाली आणि बाहेर आली. थमिनीला तिने हात घातला आणि पुन्हा काढून घेतला.

"काय झालं? काढ की," को फो ल्विन म्हणाला.

"राहू दे तिथेच. मी नाहीये आत."

को फो ल्विनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काठी त्याने ढोलवाल्याच्या हातात दिली, एका पायावर भार घेतला, दोन्ही हात वर केले आणि हवेत बोटं पसरली.

"मग ऊठ," तो म्हणाला.

ती मातीत बसली, मान टाकली. ढोलवाल्याने काठीने फुलाच्या कुंडीवर ठेका धरला. आधी एक मनगट उठलं, मग कोपर, मग मान.

"डावा गुडघा कुरकुरतोय तुझा," को फो ल्विन हळूच म्हणाला.

"तुझी बोटं तरी कुठे सरळ राहिलीत?" ओठ न हलवता ती म्हणाली. पापणीही हलली नाही. वादकांपैकी कोणी तरी नाक ओढलं.

ठेका ऐकून साहेब धावत बाहेर आला. थमिनीचा घोळ त्याच्या टकलापासून मानेपर्यंत पुसत गेला.

"वा! हेच हवं होतं मला!" तो ओरडला. "थांबा, अशाच थांबा! हलू नका!"

को फो ल्विनने आणखी एक दोरी ओढली आणि ती साहेबाकडे पाठ करून वळली.