बुजवलेला बोगदा

"बोगद्यात शिरताना शिट्टी वाजवतो, तेवढी ऐक आणि मग झोप हं!" कोळशाच्या गाडीवर निघालेल्या नवऱ्याचा तो आवाज आईच्या कानात अजून ताजा होता.

तो परत आलाच नाही, आणि माय-लेकी दूर राहायला आल्या. आता पुढच्या खोलीत लेकीने एका जुन्या फोटोवरून त्याच कोळसा-रेल्वेचा छोटा देखावा मांडला होता. वाळवलेल्या चहापत्तीची काळी जमीन, बोटाएवढे डबे, प्लास्टरचा डोंगर. आज ती पटाशीने त्या डोंगराला भोक पाडत होती.

आई पुढे झाली. "तिथं नको गं. फोटोत रुळांच्या टोकाला भिंत आहे ना, तशीच राहू दे."

"अगं, भिंत ठेवली तर गाडी गोल फिरणार कशी? उलटी पळवू? ड्रायव्हरची मान मोडेल!" लेक हसली. मग हळूच म्हणाली, "प्रदर्शनात ठेवणार आहे. बाबा जिथं असतील तिथून बघायला आले तर ओळखतील ना गं मला?"

बाबा घर सोडून गेले, असं आईनेच तिला लहानपणी सांगितलं होतं. खरं सांगायला जीभ रेटली नव्हती.

प्लास्टर झडत होतं, काळं भोक मोठं होत होतं.  आईने लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"थांब, बाळा. ते आपल्याला सोडून गेले नाहीत. आत आग लागली, विझेना, म्हणून बोगद्याचं तोंड बुजवलं. तुझे बाबा आतच राहिले."