टाळू साफ करून यावी

"काका, हे काय करून आलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत चौकशी आडवे पडले होते. ऑफिसातल्या चौकशीच्या खिडकीत सव्वीस वर्षं बसून त्यांचं नावच चौकशी पडलं होतं. डोकं तुळतुळीत.

"टाळू साफ करून आलो. तुमच्याच कागदात आहे." त्यांनी खिशातून कागद काढला. 'टाळूवरचे मांस काढून हिरडीला लावण्यात येईल. टाळू साफ करून यावी.' त्याखाली त्यांनी स्वतः लाल रेघ मारली होती.

"अहो, ही टाळू तोंडातली! जिभेच्या वरची!"

"मग तसं लिहायचं."

स्टुलावर बसलेली बायको छताकडे बघू लागली.

उजव्या कानावरून डाव्या कानापर्यंत नेऊन बसवलेली एक बट त्यांनी एकोणीस वर्षं सांभाळली होती. वारा कुठून येतो ते बघून ते रस्ता ओलांडत. पण हिरडी सरकून पुढच्या दाताचं मूळ उघडं पडलं होतं. दात गेला तर खिडकीत बसून 'सातव्या मजल्यावर सही' कसं म्हणणार? म्हणून काल न्हाव्याकडे जाऊन बट दिली.

डॉक्टरीणबाईंनी तोंडात वरच्या बाजूला सुई टोचून पाहिली. "अरेच्चा. कागद देणारे डॉक्टर रजेवर गेलेत, पण तुमच्या टाळूचं मांस फार पातळ आहे हो. आहे त्यातही चरबीच जास्त. शेवटच्या दाढेमागचं घेऊ. ते घट्ट असतं, आकसत नाही. उलट कधीकधी जरा जास्तच वाढतं."

"म्हणजे टाळू नकोच?"

"नको."

"कुठलीच?"

"कुठलीच."

सव्वीस वर्षं चौकशी लोकांना 'कागद नीट वाचत जा' म्हणून परत पाठवत आले होते. आज त्यांनी कागद नीट वाचला होता. आता संताप कुणावर काढायचा, हे विचारायला खिडकी कुठेच नव्हती.

"चला," बायको म्हणाली, "दाढेमागे तरी काहीतरी वाढतंय."

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात भुलीचं इंजेक्शन आत गेलं.

दोन तासांनी दोघं बाहेर पडले. तोंडात टाके, बोलायला बंदी. दारातच वारा आला आणि चौकशींचा तळवा टपकन डोक्यावर बसला.

"अहो, आता काय उडणारे? काढा तो हात."

त्यांनी हात काढला. चार पावलं गेल्यावर ते थांबले, वारा कुठून येतो ते नीट पाहिलं आणि रस्ता ओलांडला.

बायको त्यांच्या मागून गेली.