स्वच्छ पानं

"दवा कोनं मारली इथं?" फाटकातच सायकल थांबवून टिकारामनं विचारलं. कीटकनाशकाचा वास नाकात झोंबत होता.

चौकीदार नथ्थूनं नजर चुकवली. "कल मॅडम ने मरवाई, भैया. आपकी छुट्टी थी ना."

महाराजपूरजवळच्या या सरकारी संत्राबागेत टिकाराम मेश्राम सव्वीस वर्षं सहायक होता. पानांचा रस शोषणाऱ्या माव्याच्या पोटात एक गांधीलमाशी अंडी घालते. तिळापेक्षाही लहान. तिची अळी माव्याला आतून खाते, मावा फुगून गव्हाच्या रंगाचा होतो, आणि एक दिवस त्याला भोक पाडून नवी माशी बाहेर येते. टिकारामनं जाळीच्या पिंजऱ्यांत या माश्या वाढवल्या, बागेत सोडल्या. चार वर्षं बागेत फवाऱ्याचा थेंब पडू दिला नव्हता.

समिधा शहरातल्या राइट टाउन या सुखवस्तू वस्तीतली. विद्यार्थिनी म्हणून आली तेव्हा तिला मेलेला मावा आणि माशी पोटात असलेला मावा यातला फरक कळत नसे. पान उलटायचं कसं, इथपासून त्यानं शिकवलं. त्याच माश्यांवर पीएचडी करून ती डॉक्टर झाली, बागेची प्रमुख झाली. अजूनही काका म्हणायची. परवा स्वतःहून म्हणाली होती, "काका, तुमच्या लेकीला, दीक्षाला, नागपूरच्या बसवर बसवून या निवांत. उद्या येऊच नका."

"पोरीसारखा जीव लावते," असं तो घरी बायकोला, मालनबाईला, म्हणालाही होता.

तो सरळ तिच्या खोलीत गेला. "काहून केलं असं, म्याडम?"

"आज दिल्लीचे पाहुणे प्रकल्प तपासायला येऊन राहिले, काका. पानं चिकट, मावा वळवळतोय. प्रकल्पच बंद केला असता त्यांनी. समझिये ना."

"आन् माही सुट्टी?"

समिधा कागद सारखे करू लागली. "तुम्ही मारू दिली नसती."

अकराला पाहुणे आले. समिधानं चकचकीत पानं दाखवली. "चार साल से एक भी स्प्रे नहीं, सर. सब इन छोटी ततैयों का काम है, जो कीड़ों के पेट में अंडे देती हैं."

एक वयस्क साहेब टिकारामकडे वळले. "आप बताइए, भैया. कैसे किया?"

समिधा त्याच्याकडे बघत होती.

"कल दवा मारी है, साहब," टिकाराम म्हणाला. "मैं छुट्टी पे था."

साहेबांनी वही मिटली. चहाला कुणी थांबलं नाही.

गाड्या गेल्यावर समिधा त्याच्यासमोर आली. डोळे भरलेले. "माझा घात केलात, काका."

टिकाराम बागेत शिरला.

दुपारभर तो पानं उलटत फिरला. भोक न पडलेले चाळीसेक फुगीर मावे सापडले. ते त्यानं बाटलीत घालून तोंडाला मलमल बांधली. पाचव्या दिवशी त्यातून एकच माशी निघाली.

टिकारामनं तिला एका कोवळ्या पानावर सोडलं. मिशांनी चाचपत ती कडेकडेनं चालली, पानाखाली गेली, परत वर आली, पुन्हा खाली गेली. पानावर मावा नव्हता. शेजारच्या पानावरही नव्हता. वारा सुटला होता. पान हलू नये, तिला मावा शोधता यावा म्हणून टिकाराम देठ दोन बोटांत धरून उभा राहिला.