दोन्हीकडचा माणूस

पंजाबरावांनी अकोल्यात जन्मभर फुलं विकली, पण मान कमावला तो सोयरिकी जुळवून. जुळलेल्या सोयरिकी ते बोटांवर मोजून दाखवत. मोडलेल्या मोजायला त्यांना बोटंच सापडत नसत. एक मात्र लपवता येईना, कारण ती घरचीच होती. भाचा योगेश आणि त्याची बायको मंजुषा. दोघांची नोकरी अमरावतीकडं, पदरात सहा वर्षांची आचल, आणि आता दोघांच्या राजीखुशीनं घटस्फोट. अडलं होतं ते फक्त आचल कुठं राहणार यावर.

"लगन मीनं जुळवलं. मी दोन्हीकडचा माणूस," असं म्हणून पंजाबरावांनी मंजुषाच्या माहेरी तीन बैठका घेतल्या. सतरंजीवर दोन्हीकडचे बाप्ये बसले, आणि शेवटी पंजाबरावांनी निकाल दिला : पोरगी आईजवळ नाही, बापाजवळही नाही. कौंडण्यपूरकडच्या गावी आजीजवळ राहील. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. वाटणी इतकी चोख उतरली की ते स्वतःवरच खूश झाले. ती आजी, म्हणजे योगेशची आई मैनाबाई, त्यांची सख्खी थोरली बहीण होती. एवढा बारीक तपशील त्यांनी हिशेबात धरला नव्हता.

सह्यांच्या दिवशी मंजुषानं पेनच हातात घेतला नाही. कोर्टानं दोघांना मध्यस्थी केंद्रात पाठवलं, आणि त्यांच्या मागोमाग कडक इस्त्रीचे कपडे घालून पंजाबरावही अमरावतीला पोचले.

मध्यस्थ म्हणून नेमलेल्या रागिणी मॅडम वकील होत्या. त्यांनी काही विचारायच्या आधीच पंजाबराव सुरू झाले.

"मॅडम, तुमाले काई तरास नाही. आमचं सारं ठरलं हाय. हे पोरगीच आयनवक्ती फिरली."

"बरं. बैठकीत मंजुषा काय म्हणाल्या होत्या?"

प्रश्नात खोच नव्हती. बाईंना खरोखरच माहिती हवी होती. पंजाबरावांनी तोंड उघडलं आणि ते आठवू लागले. मंजुषाचा भाऊ नितेश काय म्हणाला ते त्यांना तोंडपाठ होतं. तिच्या काकांचं टोमण्यांसकट आठवत होतं. मंजुषा? शेवटच्या बैठकीत ती आली होती खरी, पोह्यांच्या प्लेटा घेऊन. "लिंबू नाही का व, सूनबाई?" असं तेच म्हणाले होते. तिच्या लेकराचा निकाल लागत होता, आणि ती आत जाऊन लिंबू कापून घेऊन आली होती.

"आणि योगेश काय म्हणाले?"

योगेश तर मांडीला मांडी लावून शेजारी बसला होता. त्याचंही एक वाक्य आठवेना.

"काका, तुम्ही जरा बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या. "मी आधी एकेकाशी बोलीन, मग दोघांशी मिळून. इथलं बोलणं मी बाहेर सांगत नाही. आणि ठरवायचं त्यांनीच आहे, मी नाही."

ठरवायचं नाही तर ही बाई खुर्चीवर बसते कशाला, असं म्हणायला पंजाबरावांची जीभ वळवळली. पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

आतून भांडण ऐकू आलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण आवाज चढेना. उलट एकदा तर दोघं हसल्यासारखं वाटलं. तीन बैठकांत कोणी हसलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आले.

"जमलं, मामा," योगेश म्हणाला. "आचल मंजुषाजवळ राहीन, शाळा हेच. सुटीच्या दिवशी माह्याजवळ. नांदगाव पेठले कंपनीत हिची दुपारची पाळी असली त शाळेतून मी आणीन."

"मंग हे बैठकीत काहून नाही बोलला बे?"

"तुमी माह्या बाजूनं इतके भांडून राहिले होते, मामा. तुमाले थांबवाले मले कसंतरी वाटलं."

माह्या बाजूनं. भाच्यानं ते आभार मानावेत तसं म्हटलं होतं. पंजाबरावांना मंजुषाकडं बघवेना.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मैनाबाई.

"काय झालं रे पंजाब? कवा आणता आचलले? मीनं इथं मास्तरले बोलून ठेवलं, झगेई शिवाले टाकले!"

एरवी "तू नको घोर करू, मी पायतो" हे वाक्य त्यांच्या तोंडून आपसूक निघायचं. आत्ताही ओठावर आलं. समोर दोघं त्यांच्याकडं बघत होते. रागानं बघत असते तर सोसलं असतं.

"बाई, आचल तिकडं नाही येत," ते म्हणाले. "मीनं या दोघायले काई इचारलंच नोतं. मंजुषाले त नाहीच नाही. आता जे हाय ते त्यायच्याकडूनच आयक."

त्यांनी फोन पुढं केला. मंजुषानं घेतला.

"आई, मी बोलून राहिली," तिनं सुरुवात केली.

पंजाबराव उठले आणि ऐकू येणार नाही इतक्या लांब, व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले.