चौकात बारा, कारखान्यात साडेअकरा

बाळंतपणानंतर ती सुताच्या कारखान्यात परतली, तेव्हा बाळ तीन महिन्यांचं होतं. बाराची घंटा झाली की फाटक उघडायचं. बाहेर सासूबाई बाळाला घेऊन उभ्या असायच्या आणि ती भिंतीला टेकून त्याला पाजायची. पण तिच्या अंगाला बारापर्यंत दम निघत नसे. कारखान्याच्या घड्याळात साडेअकरा वाजले न वाजले तोच पान्हा फुटायचा आणि चोळी भिजायची. शेजारणी म्हणायच्या, "तुझं दूध मालकापेक्षा घाईचं गं!"

आक्का मात्र हसली नाही. ती रिळं भरायची आणि बायकांची युनियन उभी करायच्या खटपटीत असायची. सुट्टीच्या दिवशी घरी पान्हा केव्हा फुटतो, असं तिने विचारलं. चौकातल्या घड्याळाचे बारा टोले पडतात तेव्हा, असं उत्तर आलं.

"चौकात बारा, इथे साडेअकरा," आक्का म्हणाली. "दुधाला तर खोटं बोलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी चोळी पिळण्याच्या निमित्ताने ती कारखान्याचं घड्याळ टांगलेल्या बोळात गेली. स्टुलावर एक माणूस पाठमोरा उभा होता. काच उघडी होती, आणि झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तितक्या हळुवारपणे तो मोठा काटा एका बोटाने मागे सारत होता. त्याने मान वळवली. ते तिचे सासरे होते. फाटकावरचे रखवालदार. साहेबांच्या हातापाया पडून त्यांनीच तिला इथे चिकटवलं होतं.

"मामंजी?"

वरचा हुकूम आहे, ते म्हणाले. आपण नाही केलं तर दुसरा कुणी करील.

"बाहेर तो भुकेने रडत असतो. तुम्हाला ऐकू येत नाही?"

"येतं," ते म्हणाले.

ती मागे वळली. तडक मशीनपाशी आली. काटा फिरवतात, एवढंच तिच्या तोंडून बाहेर पडलं. कोण, असं आक्काने विचारलं. नाव घेतलं की संध्याकाळी घराचं दार उघडेल की नाही, कोण जाणे.

"माझे सासरे."

आक्काने आपलं मशीन बंद करायचा दांडा ओढला. मग शेजारणीने ओढला, मग पलीकडचीने. खडखड थांबत थांबत पार थांबली. त्या शांततेत सगळ्यांना फाटकापलीकडचं बाळाचं रडणं ऐकू आलं.

सगळ्याजणी तिच्यामागून फाटकाकडे निघाल्या. सासरे तिथे येऊन उभे होते. किल्ली त्यांच्या कमरेला होती. तिने हात पुढे केला.